घराखालची जमीन

आमचं घर आमच्या नावावर झालं ते मोटार वाहन कार्यालयात. अमेरिकेतल्या बोल्डर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ज्या खिडकीवर लोक गाडीची नंबरप्लेट घ्यायला जातात, तिथेच मी आणि माझा नवरा टोकन घेऊन बसलो होतो. आमच्या आधीचा मुलगा जुन्या सुबारूचे कागद घेऊन आला होता. आमच्या फाइलमध्ये दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पुढे लाकडी पायऱ्यांचा छोटा ओटा असलेलं चौदा फूट रुंदीचं घर होतं. कोलोरॅडो राज्यात मोबाइल होमची, म्हणजे कारखान्यात बांधून चाकांवरून जागेवर आणलेल्या घराची, मालकी अशीच नोंदवतात. घराला गाडीसारखं टायटल मिळतं. त्यावर घराचा क्रमांक, बांधणीचं वर्ष आणि मालकाचं नाव असतं. आम्ही इतके खुशीत होतो की त्या कागदावर जमिनीचा कुठे उल्लेखच नाही, हे माझ्या नीट ध्यानात यायला दोन वर्षं गेली. जागेचं भाडं वाढल्याची चिठ्ठी दाराला चिकटवलेली दिसली, तेव्हा.

त्या कागदात नसलेल्या जमिनीबद्दल मला लिहायचं आहे. विद्यापीठाच्या महागड्या गावात परवडणारं घर कुठून आणायचं, यावर इथे दर निवडणुकीत वाद होतात आणि जवळजवळ प्रत्येक वेळी बोलणं नव्या इमारतींवर येऊन थांबतं. किती मजले, किती फ्लॅट, किती पार्किंग. नव्या इमारती हव्यातच. पण गावात जी स्वस्त घरं आज उभी आहेत, त्यांच्याखालची जमीन आधी रहिवाशांच्या किंवा शहराच्या ताब्यात यायला हवी आणि सार्वजनिक पैशातला पहिला वाटा तिथे जायला हवा, असं माझं ठाम मत झालं आहे.

बोल्डर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना इथे राहावंसं का वाटतं ते वेगळं सांगायला नको. पश्चिमेला फ्लॅटआयर्न्सचे तिरके कडे उभे आहेत आणि गाव संपतं तिथे खरोखरच संपतं, पुढे गवताळ माळ लागतो. हे आपोआप टिकलेलं नाही. १९५९ साली मतदारांनी ‘ब्लू लाइन’ आखून घेतली. समुद्रसपाटीपासून ५,७५० फुटांच्या वर शहराचं पाणी द्यायचं नाही, म्हणजे डोंगरावर घरं चढणार नाहीत. १९६७ मध्ये मोकळ्या जमिनी विकत घेण्यासाठी लोकांनी स्वतःवर विक्रीकर लावून घेतला. आज शहराकडे अशी ४५ हजार एकरांहून जास्त जमीन आहे. १९७१ मध्ये इमारतींच्या उंचीला ५५ फुटांची मर्यादा आली. १९७६ मध्ये घरांची वाढ वर्षाला साधारण दोन टक्क्यांवर रोखायचा निर्णय मतदानाने झाला. रविवारी मुलीला घेऊन मी याच माळावर फिरायला जाते. त्यामुळे या निर्णयांना नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. पण गावाने बाहेर पसरायचं नाही, वरही जायचं नाही आणि विद्यापीठ मात्र वाढत राहणार, म्हटल्यावर मधल्या जमिनीचा भाव कुठे जाईल हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

लाखभर वस्तीच्या या गावात ३५ हजारांहून अधिक विद्यार्थी आहेत. पहिल्या वर्षाच्या मुलांना कॅम्पसवर राहावं लागतं. दुसऱ्या वर्षी त्यांतली बहुतेक भाड्याच्या घरांच्या बाजारात उतरतात. चार मुलांचे पालक मिळून एका घराचं जे भाडं भरू शकतात, ते बालवाडीत शिकवणारी मी आणि प्रयोगशाळेत तंत्रज्ञ असलेला माझा नवरा भरू शकत नाही. त्यात कितीतरी वर्षं असा नियम होता की गावाच्या बहुतेक भागांत नातं नसलेल्या तिघांहून जास्त माणसांनी एका घरात राहायचं नाही. मुलं राहायचीच, फक्त भाडेकरारावर नाव न घालता. म्हणजे घरमालकाने काही अडवणूक केली तर तक्रार करायची सोय नाही. २०२१ साली हा नियम बदलण्याचा प्रस्ताव मतदानात पडला, २०२३ मध्ये नगर परिषदेने मर्यादा पाचावर नेली आणि २०२४ मध्ये राज्यानेच नात्यावर बेतलेल्या अशा मर्यादा रद्द केल्या. एवढी साधी गोष्ट व्हायला किती वर्षं जावी!

स्वतंत्र घराची मधली किंमत इथे दहा लाख डॉलरच्या बरीच वर आहे. रोज सकाळी पन्नास-साठ हजार माणसं बाहेरगावांहून बोल्डरमध्ये कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात. माझ्या बालवाडीत आम्ही नऊ जणी आहोत. बोल्डरमध्ये राहणारी मी एकटीच. बाकीच्या लाँगमाँट, फ्रेडरिक, थॉर्नटनहून येतात आणि बर्फ पडलं की सकाळची पहिली पंधरा मुलं मी एकटी सांभाळते.

आम्ही २०१२ मध्ये आलो तेव्हा विद्यापीठाजवळच्या एका तळघरात भाड्याने राहायचो. खिडकी जमिनीच्या पातळीला, तिच्यातून जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसायचे. २०१३ च्या सप्टेंबरात पूर आला त्या रात्री पाणी याच खिडकीतून आत आलं. दोन बॅगा आणि कुकर एवढंच घेऊन आम्ही वरच्या मजल्यावरच्या मुलांकडे जाऊन बसलो. त्यानंतर पाच वर्षांत चार घरं बदलली. दर जुलैअखेर सामान बांधायचं. ऑगस्टमध्ये सगळं गाव एकाच वेळी घर बदलत असतं, रस्त्याच्या कडेला गाद्या आणि टेबलं पडलेली असतात. पाचव्या वर्षी, पोटात मूल असताना, मी ठरवलं की आता पुन्हा खोकी भरायची नाहीत.

तेव्हा नवऱ्याच्या प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी त्यांच्या मोबाइल होम पार्कमध्ये, म्हणजे अशा घरांच्या वस्तीत, एक घर विकायला निघाल्याचं सांगितलं. ऐंशी हजार डॉलर. मला वाटलं, त्यांची शून्यं चुकली असतील.

आईला व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अगं, पत्र्याचं का?” मराठी मंडळाच्या संक्रांतीला कुणीतरी हळू आवाजात विचारलं, “म्हणजे ट्रेलर पार्कात?” त्या आवाजातली चिंता खरी होती, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. चाकांवर ओढून न्यायचे सुट्टीचे डबे वेगळे. १५ जून १९७६ पासून अमेरिकेत कारखान्यात बांधल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक घराला केंद्र सरकारची एकच बांधकाम संहिता लागू आहे. आग, वारा, वीज, नळ, ऊब धरून ठेवणं, सगळ्याचे नियम त्यात आहेत. तपासणीत उतरलेल्या घराच्या मागच्या टोकाला लाल रंगाची धातूची छोटी पट्टी ठोकलेली असते. आमच्या घरावर ती आहे. मुलीला अंकओळख झाली तेव्हा तिने पहिल्यांदा वाचलेला मोठा आकडा त्या पट्टीवरचा. या तारखेआधीचं ते मोबाइल होम आणि नंतरचं ते मॅन्युफॅक्चर्ड होम, असा कायद्याने भेद आहे, जरी पार्कात सगळे सगळ्याला ट्रेलरच म्हणतात. पोलादी सांगाडा घराच्या पोटात कायम राहतो. चाकं निघतात, खाली ठोकळे येतात, वादळात उडू नये म्हणून पट्टे जमिनीत रोवतात आणि भोवती स्कर्टिंगचा पडदा लागतो. घर कारखान्यात छपराखाली बांधलं जातं. पावसाने काम अडत नाही, माल वाया जात नाही आणि तेच कामगार वर्षभर एकाच जागी काम करतात. म्हणून ते जागेवर बांधलेल्या घराच्या तुलनेत चौरस फुटाला खूपच स्वस्त पडतं.

पहिल्या हिवाळ्यात एका पहाटे नळाला पाणी आलं नाही. शेजारचे आजोबा, मूळचे मेक्सिकोतल्या चिवावाचे, सत्तरी उलटलेले, हातात केस वाळवायचं यंत्र घेऊन आमच्या घराखाली सरपटत गेले. मी बॅटरी धरून बर्फात ओणवी. घराखाली पाण्याचा पाइप जमिनीतून वर येतो तिथे एक विजेची तार गुंडाळलेली असते, तिला हीट टेप म्हणतात. थंडी वाढली की ती तापते आणि पाइप गोठू देत नाही. आमची जळून गेली होती. आजोबांनी पाइप मोकळा केला, बाहेर आले, अंगावरची माती झटकली आणि दुकानातून कुठली टेप आणायची ते पुठ्ठ्यावर लिहून दिलं. ते मला ‘वेसिना’ म्हणतात, शेजारीणबाई. त्या एका सकाळी मला जितकं शेजारपण मिळालं, तितकं आधीच्या पाच वर्षांत मिळालं नव्हतं. आमच्या गल्लीत बसचालक आहे, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या दोघी बहिणी आहेत, छपरं दुरुस्त करणारे आहेत, विद्यापीठाच्या कार्यालयातून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत आणि पीएचडी करणारं एक जोडपंही आहे. बोल्डर ज्यांच्या जिवावर चालतं त्यांतली जी थोडी माणसं अजून गावात टिकून आहेत, ती इथे आहेत.

आता जमिनीकडे येते. घर आमचं, पण ज्या तुकड्यावर ते उभं आहे त्याचं भाडं आम्ही दर महिन्याला पार्कच्या मालकाला देतो. आलो तेव्हा ते आठशे दहा डॉलर होतं, आज हजाराच्या पुढे गेलं आहे. न पटलं तर घर उचलून दुसरीकडे न्यायचं, असं नावावरून वाटतं. प्रत्यक्षात घर हलवायला हजारो डॉलर लागतात, पंचवीस-तीस वर्षांचं जुनं घर प्रवास सोसेलच असं नाही आणि मुळात जवळपास रिकामी जागा असलेलं दुसरं पार्क मिळत नाही. मोबाइल होम आयुष्यात बहुधा एकदाच चालतं, कारखान्यापासून पार्कपर्यंत. म्हणून जागेचं भाडं वाढलं की घरमालक अडकतो. साधा भाडेकरू निदान खोकी भरून निघू तरी शकतो.

भाडेवाढीचा दुसरा परिणाम दिसत नाही, म्हणून आकडा मांडते. अशा घरावर सहसा गृहकर्ज मिळत नाही. जमीन नसल्यामुळे बँक त्याला जंगम वस्तू मानते, व्याज जास्त आणि मुदत कमी. समजा नऊ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर महिना शंभर डॉलरच्या हप्त्यात सुमारे ११ हजार डॉलरचं कर्ज मिळतं. आता जागेचं भाडं शंभर डॉलरने वाढलं तर माझं घर घ्यायला येणाऱ्याच्या हातातले तेच शंभर डॉलर भाड्यात जातील, म्हणजे तो घरासाठी मला ११ हजार डॉलर कमी देऊ शकेल. साठ घरांच्या पार्कात ही रक्कम साडेसहा लाख डॉलरच्या पुढे जाते. एका चिठ्ठीने एवढी किंमत साठ कुटुंबांच्या घरांतून निघून जमिनीच्या मालकाकडे जाते, आणि त्या दिवशी कुणाच्या खात्यातून काही वजा झालेलं दिसतही नाही. गुंतवणूकदार संस्था गेल्या काही वर्षांत देशभर पार्कं विकत घेत सुटल्या आहेत त्याचं कारण हेच आहे. गिऱ्हाईक जागचं हलू शकत नाही, असा धंदा दुसरा कुठला?

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळं परकं वाटू नये. इमारत उभी राहून पंचवीस वर्षं झाली, सोसायटी झाली, तरी जमीन अजून बिल्डरच्याच नावावर, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी आहे. १९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणे सोसायटी स्थापन झाल्यावर चार महिन्यांत कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर, करून द्यायचं असतं. ते होत नाही म्हणून सरकारला, बिल्डरने टाळलं तरी मालकी मिळावी यासाठी, ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची तरतूद करावी लागली. ठाण्यात माझ्या बाबांनी सोसायटीचे सचिव म्हणून या एका कागदासाठी अकरा वर्षं खेटे घातले. शेजारचे म्हणायचे, “घर तर आपलंच आहे ना, कशाला धावपळ?” पुनर्विकासाची वेळ आली तेव्हा त्या कागदाची किंमत सगळ्यांना कळली. म्हणूनच इथे पार्कातले लोक जमिनीविषयी बोलायला लागले तेव्हा त्यांचं म्हणणं मला लगेच समजलं. वाढताना घरात हेच ऐकलं होतं.

भाड्यावर थेट मर्यादा का घालत नाहीत, असं कुणीही विचारेल. १९८० साली बोल्डरच्या नागरिकांनी भाडेनियंत्रणाचा प्रस्ताव आणला होता. त्यानंतर १९८१ मध्ये राज्याने कायदा करून कोलोरॅडोतल्या सगळ्या गावांना भाडेनियंत्रण करायलाच बंदी घातली. २०२२ मध्ये पार्कच्या जागेच्या भाड्यापुरती मर्यादा आणायचा प्रयत्न झाला, पण राज्यपालांच्या विरोधामुळे ते कलम विधेयकातून गाळावं लागलं. मिळालं तेही कमी नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारी ऐकण्यासाठी राज्याची यंत्रणा आली. भाडं वर्षातून एकदाच वाढवता येतं. आणि २०२० च्या कायद्याप्रमाणे मालकाला पार्क विकायचं असेल तर रहिवाशांना आधी नोटीस द्यावी लागते, त्यांनी खरेदीचा देकार दिला तर प्रामाणिकपणे बोलणी करावी लागतात. तेव्हा मुदत नव्वद दिवसांची होती, २०२२ मध्ये ती १२० दिवसांची झाली. देकार द्यायला निदान ५१ टक्के घरमालकांची संमती लागते.

जमीन कुणाची यावर माणसाचं नशीब किती ठरतं, हे या काउंटीने दोन संकटांत पाहिलं आहे. ३० डिसेंबर २०२१ ला मार्शल वणवा पेटला आणि लुईव्हिल, सुपीरियर या बोल्डरलगतच्या गावांत एका दुपारी हजाराहून जास्त घरं जळाली. माझ्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाचं घरही गेलं. त्यांना अंगणात सापडलेली वितळलेली समई मी पाहिली आहे. विम्याची रक्कम अपुरी पडली, दोन वर्षं भाड्याच्या घरात काढावी लागली, फार सोसलं त्यांनी. पण राखेखालचा प्लॉट त्यांचा होता, त्याच जागेवर त्यांनी पुन्हा घर बांधलं आणि मुलं आपल्या जुन्या शाळेत परत गेली. आता २०१३ चा पूर आठवा. बोल्डरच्या उत्तरेला लायन्स नावाचं छोटं गाव आहे, सेंट व्रेन नदीच्या काठी. तिथली दोन मोबाइल होम पार्कं पुरात गेली. तिथल्या लोकांची घरं गेली आणि घराखालची जमीन त्यांची कधीच नव्हती. पार्कं परत उभी राहिली नाहीत. त्यांतल्या एका जागी पुढे लग्नसमारंभांचं ठिकाण झालं. गावाच्या एका उद्यानाच्या भागात पूरग्रस्तांसाठी स्वस्त घरं बांधायचा प्रस्ताव २०१५ मध्ये मतदानाला आला, तो पडला. बऱ्याच वर्षांनी दुसरीकडे काही परवडणारी घरं झाली, तोवर ती माणसं कुठे कुठे पांगली होती. वणवा असो की पूर, घरं दोन्हींत गेली. एकीकडे लोक परत आले आणि दुसरीकडे गावातली एक अख्खी वस्ती कायमची पुसली गेली. लायन्सबद्दल विचार केला की मला अजून झोप लागत नाही, कारण आमचं पार्कही ओढ्यालगत आहे. इथली बरीच पार्कं तशीच आहेत, पूर्वी नको असलेल्या जागांवर वसलेली.

उपाय नवा शोधायचा नाही. १९८४ साली न्यू हॅम्पशायरमध्ये एका पार्कच्या रहिवाशांनी सहकारी संस्था काढून आपली जमीन विकत घेतली आणि आज देशात अशी तीनशेहून जास्त पार्कं आहेत. आपल्या सोसायटीसारखंच काम. एका घराला एक मत, निवडून दिलेली समिती, वार्षिक सभेत हिशेब आणि भाडं किती वाढवायचं ते सभासदच ठरवतात. बोल्डरच्या दक्षिणेला एल्डोराडो स्प्रिंग्जच्या वाटेवर सान्स सूसी नावाचं साठेक घरांचं पार्क आहे. तिथल्या रहिवाशांनी २०२१ मध्ये असंच केलं. गावातल्या मेपलटन पार्कची जमीन तर १९९० च्या दशकातच शहराच्या मदतीने बाजाराच्या बाहेर काढली गेली. उत्तर बोल्डरमधलं पाँडेरोसा पार्क २०१७ मध्ये शहराने स्वतः घेतलं. तिथल्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या पार जुन्या झाल्या होत्या. शहराने शब्द दिला की कुणालाही हुसकावलं जाणार नाही, ज्याला हवं त्याने आपल्या सवडीने जुन्या ट्रेलरच्या जागी पक्क्या पायावरचं घर घ्यावं. ती घरं बांधण्यासाठी हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी ही घरं बांधणारी सेवाभावी संस्था, शहर आणि इथल्या सरकारी शाळा चालवणारा शाळा जिल्हा यांनी मिळून २०२४ मध्ये एक कारखाना सुरू केला. तिथे शाळकरी मुलं बांधकाम शिकतात आणि त्यांच्या हातची घरं त्यांच्याच गावात उभी राहतात. परवडणाऱ्या घरांबद्दल बोल्डरने केलेल्या कामांत मला याचा सर्वांत जास्त अभिमान वाटतो.

याला विरोध करणाऱ्या माणसांशी मी बसून बोलले आहे आणि त्यांचे मुद्दे पोकळ नाहीत. पहिला मुद्दा नियोजनाचा: एवढ्या महाग जमिनीवर एकमजली साठ घरं ठेवण्यापेक्षा तिथे तीनशे फ्लॅट का बांधू नयेत? हिशेब म्हणून बरोबर आहे. पण ते तीनशे फ्लॅट होईपर्यंतची चार-पाच वर्षं साठ कुटुंबं कुठे राहतील आणि त्या फ्लॅटांपैकी किती त्यांच्या आवाक्यात असतील? बोल्डरमध्ये नव्या प्रकल्पातली २५ टक्के घरं परवडणारी ठेवण्याचा नियम आहे, किंवा त्याऐवजी पैसे भरता येतात. हा नियम चांगला आहे, २००० सालापासून त्याने पुष्कळांना घरं दिली. पण पंचवीस टक्के परवडणारी घरं मिळवण्यासाठी शंभर टक्के परवडणारी वस्ती मोडणं हा सौदा मला कळत नाही. दाटी वाढवायचीच असेल तर दुकानांभोवतीच्या भल्यामोठ्या पार्किंगवर वाढवावी. तिथे कुणी झोपलेलं नसतं.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. रहिवाशांनी कर्ज काढून बाजारभावाने जमीन घेतली, तर हप्ते फेडायला त्यांनाच भाडं वाढवावं लागतं. हे खरं आहे आणि लपवून उपयोग नाही. सहकारी पार्कांतही पहिल्या एक-दोन वर्षांत भाडं वाढल्याची उदाहरणं आहेत. शिवाय गळके पाइप, खचलेले रस्ते, सगळं दुखणं नव्या मालकांच्या, म्हणजे रहिवाशांच्याच गळ्यात येतं. म्हणूनच नुसता कायदेशीर हक्क पुरत नाही, सार्वजनिक पैसा लागतो. नोटीस आल्यावर १२० दिवसांत छपरं दुरुस्त करणाऱ्यांनी आणि स्वयंपाकिणींनी काही लाख किंवा कोटी डॉलर कुठून उभे करायचे? शहराने आणि काउंटीने यासाठी वेगळा निधी आधीच बाजूला काढून ठेवायला हवा, नोटीस लागली की त्याच आठवड्यात वापरता येईल असा. ज्या गावाने १९६७ मध्ये माळरान वाचवायला स्वतःवर कर लावून घेतला, त्या गावाला जमीन विकत घेऊन बाजारापासून राखणं म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. साठ वर्षं हे गाव तेच करत आलं आहे. त्या जमिनीवर कुत्र्यांना फिरवायला आपण जातो, हरणं चरतात, प्रेअरी डॉगांची बिळं राखली जातात. माणसांच्या वस्तीलाही तेवढंच संरक्षण मिळावं एवढंच मी मागते आहे.

विद्यापीठालाही यात उतरावं लागेल. दक्षिण बोल्डरमधल्या आपल्या जमिनीवर ११०० घरं बांधायचं त्याने कबूल केलं आहे. ती जमीन २०२१ मध्ये शहरात घेतली गेली आणि पुढच्या वर्षी ते रद्द करायचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. तिथे वरच्या वर्षांचे विद्यार्थी, शिक्षक आणि कर्मचारी राहणार आहेत. हे काम लवकर व्हावं. विद्यार्थी वाढवायचे आणि त्यांच्या राहण्याचा भार गावावर टाकायचा, असं यापुढे चालता कामा नये. विद्यापीठाचे कर्मचारी पार्कांत राहतात, माझ्याच घरात एक आहे. मग पार्क वाचवायच्या निधीत विद्यापीठाचा वाटा का नसावा?

आणि आपली मराठी माणसं. या काउंटीत आपल्यापैकी कितीतरी जण आता नागरिक आहेत, घरं घेऊन स्थिरावले आहेत, मतदान करतात. शाळांच्या मतदानाबद्दल आपण तासन् तास बोलतो. घरांचा विषय निघाला की बोलणं आपल्या घराच्या किमतीवर येतं. मी कुणाला दोष देत नाही, कर्ज फेडणाऱ्या माणसाला ती काळजी असतेच. पण आपल्यातले बहुतेक जण इथे दोन बॅगा घेऊन, तिघांत एक खोली करून राहिलेले आहेत. तेव्हा ज्या गावाने सामावून घेतलं ते गाव पुढच्यांना सामावू शकेल का, हे आपल्याही मतावर ठरणार आहे. नगर परिषदेच्या बैठकीत नागरिकांना बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. पार्कांचा विषय असतो तेव्हा त्या खोलीत मी एकटी मराठी असते. पुढच्या वेळी सोबत या.

आमचं पार्क सध्या विकायला निघालेलं नाही. पण नोटीस आल्यावर संस्था काढायला बसलं तर १२० दिवस नुसते ओळखी होण्यातच जातील, म्हणून आम्ही आतापासून जमायला लागलो आहोत. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता, आजोबांच्या ओट्यावर आणि खाली रस्त्यावर मांडलेल्या खुर्च्यांवर. बाबांनी ठाण्याहून त्यांच्या सोसायटीच्या उपविधींचा फोटो पाठवला. मी तो इंग्रजीत समजावून सांगितला, आजोबांच्या नातीने स्पॅनिशमध्ये. एका घराला एक मत, यावर सगळ्यांनी मान डोलावली. संमतीच्या कागदावर आतापर्यंत चोवीस घरांच्या सह्या झाल्या आहेत. एकावन्न टक्क्यांना अजून सात कमी पडतात. उद्या संध्याकाळी बालवाडी सुटल्यावर मी आणि नात मिळून शेवटच्या गल्लीत जाणार आहोत. तिथली माणसं रात्रपाळीला जातात, सहाच्या आत गाठावं लागेल.